जे. पी. नगर ते पेशवे दप्तर: राज्याचे जुने कागद वाचकांच्या हाती

बंगळुरूच्या दक्षिणेला पसरलेले जे. पी. नगर ही तशी नवी वस्ती. जयप्रकाश नारायण यांचे नाव घेऊन विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ती आखली गेली. रस्ते ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ अशा आकड्यांनी ओळखले जातात, विभाग पहिली फेज, दुसरी फेज असे मोजले जातात. २००४ मध्ये इथे ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह सुरू झाले, २०१७ मध्ये हिरव्या मार्गावरची मेट्रो आली. नोकरीसाठी पुण्या-मुंबईहून, सोलापूर-बेळगावहून आलेल्या मराठी कुटुंबांना हा भाग घर म्हणून माहीत असतो. इतिहास पाहायचा तर म्हैसूरला, हंपीला किंवा बदामीला जायचे, अशी त्यांची समजूत असते.

या वस्तीपासून सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटरवर बेगूर आहे. तिथल्या नागेश्वर मंदिराच्या आवारात सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचा एक वीरगळ आहे. त्यावरच्या हळेगन्नड म्हणजे जुन्या कन्नडमधल्या लेखात गंग राजवटीतला सरदार नागत्तर याच्या पदरच्या एका माणसाला ‘बेंगळुरूच्या लढाई’त मरण आल्याची नोंद आहे. शहराच्या नावाचा हा ज्ञात असलेला सर्वांत जुना लेखी पुरावा. होयसळ राजा वीर बल्लाळ रानात वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेल्या शेंगांचे दाणे खाऊ घातले आणि त्यावरून गावाला नाव पडले, ही गोष्ट बंगळुरूतला प्रत्येक शाळकरी मुलगा ऐकतो. वीर बल्लाळाचा काळ बाराव्या शतकाच्या अखेरीचा. बेगूरचा दगड त्याच्याही सुमारे तीनशे वर्षे आधीचा आहे. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांनी १९१४-१५ च्या अहवालात हा लेख प्रसिद्ध केला. म्हणजे दंतकथेला तपासून पाहण्याचे साधन शंभर वर्षांहून अधिक काळ छापील रूपात उपलब्ध होते. पण ते होते मोजक्या ग्रंथालयांच्या कपाटात. शहराला मात्र शेंगांचीच गोष्ट माहीत राहिली.

राज्याचा जुना दस्तऐवज लोकांसमोर आणणे म्हणजे काय, याचे उत्तर शोधायचे तर या शंभर वर्षांच्या अंतराकडे पाहावे लागते. कागद सरकारकडे सुरक्षित असणे, तो छापला जाणे, तो इंटरनेटवर चढणे आणि तो सामान्य माणसाला वाचता येणे या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. शेवटची पायरी गाठली नाही, तर आधीच्या तिन्हींचा लोकशिक्षणाला फारसा उपयोग होत नाही.

गावोगाव फिरलेला संचालक

बंगळुरूकडे या कामाची मोठी पूर्वपुण्याई आहे. बेंजामिन लुईस राइस यांचा जन्म १८३७ मध्ये बंगळुरूतच, एका मिशनऱ्याच्या घरी झाला. ते शिक्षण खात्यात होते आणि शाळा तपासण्यासाठी म्हैसूर संस्थानात गावोगाव फिरत. देवळाच्या भिंतीवर, तळ्याच्या बांधावर, शेताच्या कडेला दिसणारे कोरीव लेख त्यांच्या नजरेत भरत गेले. मेजर डिक्सन या लष्करी अधिकाऱ्याने काही लेखांची छायाचित्रे काढली होती; त्यांच्या वाचनापासून राइस यांनी सुरुवात केली. संस्थानने १८८५ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि ते राइस यांच्याकडे सोपवले. १८८६ पासून पुढे जवळपास दोन दशके ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या नावाने ग्रंथांमागून ग्रंथ निघत राहिले. बारा मुख्य खंडांत सुमारे नऊ हजार लेखांची नोंद झाली. बंगळुरू जिल्ह्याचा नववा खंड १९०५ मध्ये आला.

या खंडांची मांडणी आजही अभ्यासण्यासारखी आहे. जिल्ह्याचा एक खंड, त्यात तालुक्यांची क्रमवारी, प्रत्येक तालुक्यातल्या लेखांना अनुक्रमांक. प्रत्येक लेखाचा पाठ कन्नड लिपीत, तोच रोमन लिपीत आणि त्याचे इंग्रजी भाषांतर. लेख कुठल्या गावात, कुठल्या देवळाजवळ किंवा कुणाच्या शेतात आहे तेही दिलेले. कोणताही अभ्यासक तालुक्याचे नाव आणि आकडा सांगून त्या लेखाचा हवाला देऊ शकतो आणि दुसरा अभ्यासक तोच लेख काढून तपासू शकतो. पुढे म्हैसूर विद्यापीठाच्या कुवेंपु कन्नड अध्ययन संस्थेने १९७० च्या दशकापासून या मालिकेच्या सुधारित आवृत्त्या काढायला घेतल्या.

मराठी माणसाचे या मालिकेशी जुने नाते आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेले ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे वाक्य मराठी भाषेच्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात येते. त्याच्या शेजारच्या वाक्यात गंगराज या होयसळ सेनापतीने भोवतालचे बांधकाम करवल्याचा उल्लेख आहे आणि ते काम बाराव्या शतकाच्या सुरुवातीचे. एकाच ठिकाणी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत ही माहिती कोरलेली आहे. श्रवणबेळगोळच्या लेखांचा खंड राइस यांनी १८८९ मध्ये काढला आणि नरसिंहाचारांनी १९२३ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती तयार केली. मराठीचा जुना पुरावा अशा रीतीने कर्नाटकातल्या एका संस्थानाच्या सरकारी प्रकाशनातून अभ्यासकांसमोर आला.

दगड नाहीसे होतात

छापील पुस्तकाने लेख टिकला, दगड टिकला नाही. बंगळुरूची वाढ झाली तशी जुनी गावे शहराच्या पोटात गेली. तळी बुजली, रस्ते रुंद झाले, देवळांचे जीर्णोद्धार झाले. राइस यांनी पाहिलेले कितीतरी दगड पायऱ्यांत गेले, पायात गाडले गेले, फुटले किंवा रंगाच्या थरांखाली गेले. काही ठिकाणी राइस यांचे वाचन हीच त्या लेखाची उरलेली एकमेव प्रत आहे.

ही गळती थांबवण्यासाठी आधी काही नागरिक पुढे आले. सुट्टीच्या दिवशी जुन्या खंडातले गावाचे नाव घेऊन ते त्या जागी जात, दगड शोधत, स्थानिकांना त्याचे महत्त्व सांगत. हेब्बाळमध्ये २०१८ मध्ये खोदकामात वर आलेल्या एका दगडाने त्यांच्या श्रमाला फळ दिले. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला, सुमारे इसवी सन ७५० चा हा लेख कित्तय्या नावाच्या वीराच्या मृत्यूची नोंद देतो. बंगळुरू परिसरातला हा सर्वांत जुना कन्नड लेख मानला जातो. कित्तय्या ज्या हल्ल्यात पडला तो राष्ट्रकूटांच्या बाजूने झालेला होता. वेरूळचे कैलास लेणे कोरवणाऱ्या घराण्याच्या फौजा तेव्हा आजच्या हेब्बाळपर्यंत पोहोचल्या होत्या, हे एका वीरगळावरून कळते.

यातूनच मिथिक सोसायटीचा प्रकल्प उभा राहिला. १९०९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था नृपतुंग रस्त्यावरच्या डेली स्मारक सभागृहात आहे. २०२१ मध्ये तिने बंगळुरू परिसरातल्या शिलालेखांचे त्रिमितीय डिजिटल जतन हाती घेतले. उदयकुमार पी. एल. हे या प्रकल्पाचे प्रमुख. बंगळुरू शहर, ग्रामीण आणि रामनगर या भागांतले जुन्या खंडांत नोंदलेले आणि नव्याने सापडलेले लेख स्कॅन करायचे, त्यांचे पाठ पुन्हा तपासायचे आणि सगळे लोकांना खुले करायचे, असे कामाचे स्वरूप आहे.

पूर्वी लेखाचा ठसा घेत. ओला कागद दगडावर पसरायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून शाई लावायची. खाचेतला कागद पांढरा राहतो, भोवतालचा काळा होतो. ही पद्धत शंभर-सव्वाशे वर्षे उत्तम चालली आणि आजही चालते. पण दगड झिजला असेल तर ठशात अक्षर उमटत नाही. त्रिमितीय स्कॅनर दगडावर प्रकाशाच्या पट्ट्या टाकतो आणि त्या किती वाकतात यावरून पृष्ठभागाचा चढउतार मोजतो. केसाहून बारीक फरकही त्यात नोंदला जातो. मग संगणकावर तो दगड फिरवता येतो, त्यावर हव्या त्या कोनातून प्रकाश पाडता येतो, रंग आणि डाग काढून टाकून केवळ खोली पाहता येते. उघड्या डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या जागी अक्षर दिसू लागते. जुन्या वाचनातल्या चुका अशा रीतीने दुरुस्त होतात. याच संग्रहातून मिथिक सोसायटीने ‘अक्षर भंडार’ तयार केले. त्यात कन्नड अक्षरांची शतकानुशतकांची रूपे शिलालेखांतल्या प्रत्यक्ष नमुन्यांसह पाहता येतात. लिपी शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगला तक्ता मिळणे कठीण.

जे. पी. नगर हे नाव नसलेले पुस्तक

तरीही एक अडचण उरते आणि ती अभ्यासकापेक्षा सामान्य वाचकाला जास्त जाणवते. जे. पी. नगरमध्ये राहणाऱ्या एखाद्या शिक्षिकेने १९०५ च्या खंडाची स्कॅन केलेली प्रत उघडली आणि आपल्या भागाचे नाव शोधले, तर काहीच सापडणार नाही. ते नाव त्या वेळी अस्तित्वात नव्हते. तिला सारक्की, पुट्टेनहळ्ळी, जरगनहळ्ळी अशा जुन्या गावांच्या नावांनी शोधावे लागेल. ही नावे आता तळ्यांना, बसथांब्यांना आणि जुन्या मंडळींच्या बोलण्यात उरली आहेत. शिवाय राइस यांनी कन्नड नावे रोमन लिपीत लिहिताना अक्षरांवर-खाली बारीक खुणा दिल्या. स्कॅनवरून मजकूर ओळखणारी संगणकप्रणाली या खुणांपाशी हमखास अडखळते आणि नाव भलतेच होऊन बसते. पुस्तक समोर आहे, पण त्यातले गाव हाती लागत नाही.

म्हणून नकाशा महत्त्वाचा ठरतो. बंगळुरूच्या प्रकल्पाने प्रत्येक दगडाचे स्थान अक्षांश-रेखांशासह नोंदवण्यावर भर दिला तो याचसाठी. नकाशावर आपल्या घराभोवती बोट फिरवले की शेजारचा दगड दिसतो. गावाचे जुने नाव माहीत असण्याची गरज उरत नाही. शाळेची सहल काढायची तर तीनशे किलोमीटर जावे लागत नाही. नववीतल्या मुलांना बेगूरच्या देवळात नेऊन, आधी दगड दाखवून, मग पडद्यावर त्याचा पाठ आणि अर्थ वाचून दाखवला, तर पुरावा म्हणजे काय हे त्यांना एका दुपारी समजते.

बंगळुरूनेच या क्षेत्रातली एक कडू शिकवणही दिली आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय विज्ञान संस्थेने अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे काम पुढे नेले. देशभरात केंद्रे उघडली, लाखो पुस्तके स्कॅन झाली. त्यांत मराठीतले असंख्य दुर्मीळ ग्रंथ होते. पण नोंदी घाईत झाल्या. मराठी नावे रोमन लिपीत मनमानी स्पेलिंगने लिहिली गेली, लेखकांची नावे तुटली, वर्षे चुकली. पुढे २०१६-१७ च्या सुमारास कॉपीराइटच्या प्रश्नांमुळे ते संकेतस्थळच लोकांना बंद झाले. त्याआधी कार्ल मलामुद यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ने सुमारे चार लाख पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर नेऊन ठेवल्या होत्या, म्हणून ती आज वाचायला मिळतात. सार्वजनिक दस्तऐवजाची एकच प्रत एकाच सर्व्हरवर ठेवणे धोक्याचे आहे, हे यातून सिद्ध झाले.

एकोजीराजांचे दान आणि राजवाड्यांचे पोथीशोधन

बंगळुरूच्या दस्तऐवजांत मराठ्यांचा अध्याय मोठा आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांचे हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. पुढची अनेक वर्षे त्यांचा दरबार इथे होता. पुढे शहर मोगलांनी घेतले आणि त्यांच्याकडून ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयर यांच्याकडे गेले. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिराजवळचा १६६९ चा कन्नड शिलालेख शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांच्या नावाचा आहे. मल्लपुराच्या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद त्यात आहे. मराठा राजाने कन्नड प्रजेच्या देवाला दिलेले दान कन्नडमध्ये नोंदवले गेले, हे त्या काळच्या कारभाराचे सरळ चित्र.

शहाजीराजांच्या बंगळुरू दरबाराबद्दल आज जे तपशील माहीत आहेत, त्यांतले बरेचसे जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’मधून आले. हा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह छापला. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि एकूण बावीस खंड सिद्ध केले. त्यासाठी ते वाड्यांतून, माळ्यांवरून, वाण्यांच्या दुकानांतून कागद गोळा करत हिंडले. सरकारी दप्तर त्या काळात अभ्यासकांना सहज उघडत नव्हते. घराघरांतले कागद हाच मार्ग होता.

रुमाल उघडले, वाचक कमी पडले

ते सरकारी दप्तर म्हणजे पुण्याचे पेशवे दप्तर. मराठी राज्य १८१८ मध्ये गेल्यावर इंग्रजांनी पेशव्यांचे कागद ताब्यात घेतले. इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनच्या काळात त्यांत आणखी भर पडली. १८९१ पर्यंत पुण्यात त्यांच्यासाठी खास इमारत उभी राहिली. कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. असे तीस हजारांहून अधिक रुमाल तिथे आहेत आणि त्यांतले बहुसंख्य कागद मोडी लिपीतले आहेत.

या दप्तराची झडप थोडी उघडली तेव्हा काय घडले ते पाहण्यासारखे आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे निवडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांच्या आधारे १९०० मध्ये एक प्रस्तावना लिहिली. बखरींत लढाया आणि तहनामे असतात. रोजकीर्दीत सारा, न्यायनिवाडे, तुरुंग, नाणी, सामाजिक बंधने, दानधर्म यांचा हिशोब असतो. रानड्यांनी हा हिशोब वाचून राज्य कसे चालत होते हे सांगितले आणि मराठी इतिहासलेखनाला नवे वळण मिळाले. पुढे जदुनाथ सरकारांच्या आग्रहाने आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या परिश्रमाने १९३० ते १९३४ या काळात ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ पंचेचाळीस खंडांत छापले गेले. मोडीतला मजकूर देवनागरीत आला, प्रत्येक कागदाला तारीख आणि इंग्रजी सारांश मिळाला. आज पेशवाईवर लिहिणारा कुणीही अभ्यासक या खंडांशिवाय पाऊल टाकत नाही. पण ही निवड होती. कोट्यवधी कागदांतले काही हजारच देवनागरीत आले. बाकीचे अजून मोडीतच आहेत.

महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय १८२१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रेकॉर्ड ऑफिसचे वारस आहे. मुंबईतले एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतले मुख्य अभिलेखागार, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली केंद्रे असा त्याचा पसारा आहे. दर्शनिका विभागाने जिल्हा गॅझेटियर वाचकांना इंटरनेटवर उपलब्ध करून दिले. जेम्स कॅम्पबेल यांनी एकोणिसाव्या शतकात संपादलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरपासून नव्या जिल्हा ग्रंथांपर्यंतचा मजकूर त्यामुळे गावच्या शिक्षकाच्या फोनवर येऊ शकला. सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्याच्या एखाद्या गावचा बाजार शंभर वर्षांपूर्वी कोणत्या वारी भरत होता, हे आज घरी बसून पाहता येते. मराठी विश्वकोशाचे खंडही असेच खुले झाले. छापील आणि देवनागरी-रोमन मजकुराच्या बाबतीत महाराष्ट्राने चांगले काम केले आहे.

खरा डोंगर आहे मोडीचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत वाचक संपत आले. त्याची किंमत महाराष्ट्राने २०२३ मध्ये अनुभवली. मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्यासाठी जुन्या नोंदी शोधण्याकरिता राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तहसील कचेऱ्या, शाळांची दाखलपुस्तके, गावनमुने, जन्ममृत्यूच्या नोंदी तपासण्याची मोहीम निघाली. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सरकारने जाहीर केले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्या चढवल्या गेल्या. त्या महिन्यांत प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाला एकच गोष्ट कमी पडत होती: मोडी वाचणारा माणूस. दप्तरातला जुना कागद संशोधकाच्याच कामाचा असतो, असे मानणाऱ्या प्रत्येकाला त्या वर्षाने उत्तर दिले. आजोबा-पणजोबांच्या नावाची एक ओळ लाखो कुटुंबांना हवी होती आणि ती त्यांना स्वतःला वाचता येत नव्हती.

यंत्राला शिकवणारा माणूस

नेदरलँड्समध्ये याच प्रश्नावर एक मार्ग सापडला आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या हस्तलिखित कागदांची सुमारे पन्नास लाख पाने तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आधी ती स्कॅन झाली. मग जाणकारांनी निवडक पाने अक्षरशः वाचून टाइप केली, त्यावर संगणकाला शिकवले आणि उरलेली पाने यंत्राने वाचून काढली. यंत्राचे वाचन शंभर टक्के बरोबर नसते, पण शोध घेण्यापुरते पुरते. कंपनीची वखार १६३७ पासून वेंगुर्ल्यात होती. कोकण किनाऱ्यावरचा व्यापार, विजापूर आणि शिवाजी महाराज यांच्याबद्दल वेंगुर्ल्याहून गेलेली पत्रे याच साठ्यात आहेत. सतराव्या शतकातली डच अक्षरे ओळखू न येणाऱ्या वाचकालाही आता त्यांत एखादे नाव शोधता येते.

मोडीसाठी पायाभूत तयारी झाली आहे. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले, म्हणजे संगणकावर ती लिपी अक्षर म्हणून साठवता येऊ लागली. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी दोन हजारांहून अधिक मोडी पानांच्या प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर असा संच तयार करून यंत्रवाचनाचा प्रयोग मांडला. पण मोडी वळणदार आहे. यादवकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन आणि इंग्रजी अमदानीतली अशी तिची निरनिराळी वळणे आहेत. कारकुनागणिक हात बदलतो. शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. तारखा सुहूर सन या जुन्या कालगणनेत, अरबी आकडेशब्दांत येतात. या सगळ्यासाठी दोन हजार पाने फार थोडी आहेत. यंत्राला हजारो नमुने लागतील आणि ते नमुने माणसांनीच वाचून द्यावे लागतील.

पुण्यातल्या एखाद्या रुमालातला कागद लोकांसमोर ठेवायचा, तर त्याच्या पानावर काय असावे हे बंगळुरूच्या दगडांनी दाखवून दिले आहे. मूळ कागदाची स्पष्ट प्रतिमा. त्याखाली जसाच्या तसा देवनागरी पाठ. त्याखाली आजच्या मराठीत अर्थ. रुमालाचा आणि कागदाचा क्रमांक, म्हणजे कुणालाही मूळ तपासता येईल. मूळ तारीख आणि तिची इसवी सनातली तारीख. गावाचे जुने नाव, तर्फ आणि परगण्यासह, आणि शेजारी आजचा तालुका व नकाशावरची जागा. वाचन कुणी केले आणि पुढे कुणी सुधारले याची नोंद. यांतली एकही गोष्ट महागड्या यंत्राची नाही. प्रतिमा काढणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे, आणि बहुतेक योजनांचा पैसा नेमका तिथेच संपतो.

कायद्याची अडचणही फार मोठी नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी प्रकाशनांचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. राइस यांचे खंड आणि सरदेसाई यांनी संपादलेली पेशवे दप्तराची सरकारी मालिका केव्हाच त्या मुदतीबाहेर गेली आहे. ते पुन्हा छापता येतात, पाठ्यपुस्तकात घेता येतात, त्यांच्यावर मोबाइलचे अॅप बांधता येते. आज गरज आहे ती संस्थांनी आपल्या संग्रहाची सूची तरी आधी पूर्ण खुली करण्याची. कोणत्या रुमालात कोणत्या गावचे, कोणत्या सालचे कागद आहेत एवढे कळले, तरी त्या गावचे लोक पुढचे काम हाती घेऊ शकतात.

प्रतींचा मुद्दाही विसरता येत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. पूर, वाळवी आणि दमट हवा हे तर रोजचे शत्रू. एक प्रत राज्याच्या अभिलेखागारात, दुसरी विद्यापीठात आणि तिसरी सार्वजनिक संग्रहात असेल, तर यांपैकी कोणताही आघात इतिहास पुसून टाकू शकत नाही.

कर्नाटकात एका खासगी संस्थेने, नागरिकांच्या गटाने आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका सरकारी मालिकेने मिळून शहराला त्याचे दगड परत वाचायला दिले. महाराष्ट्राजवळ कागद त्याहून कितीतरी पटींनी अधिक आहेत आणि ते मराठीत आहेत. मोडीचे वर्ग आज पुराभिलेख संचालनालय, विद्यापीठे आणि अनेक संस्था घेतात. महिना-दोन महिन्यांच्या सरावाने पेशवेकालीन अक्षर ओळखू येऊ लागते. जे. पी. नगर असो, नाशिक असो की न्यू जर्सी, मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला हे शिकता येण्यासारखे आहे. सरकारने सूची आणि प्रतिमा खुल्या कराव्यात, शाळांनी त्या वर्गात आणाव्यात आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी मोडी शिकून दरमहा दोन-चार पाने देवनागरीत उतरवून द्यावीत.